निळी पेटी आणि पुसलेल्या फिती

इ. स. १९६३ च्या नोव्हेंबर महिन्यातील तो शनिवार ज्यांना आठवतो, अशी माणसे आता आपल्या धर्मग्रामांत विरळच उरली आहेत. आम्ही त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. सकाळी रेडिओवर बातमी आली की, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची डॅलस शहरी गोळ्या घालून हत्या झाली. अमेरिकेच्या अध्यक्षपदी बसलेला तो पहिला कॅथलिक गृहस्थ. आमच्या ओटीवर पोपमहाशयांच्या तसबिरीशेजारी त्याचे वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र डकवलेले होते. आमच्या आजीने त्या दिवशी चूल उशिरा पेटवली, एवढे आम्हांस स्वच्छ आठवते.

त्याच शनिवारी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, लंडनमध्ये सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी एक नवी विज्ञानमालिका सुरू झाली. केनेडींच्या मृत्यूने सुन्न झालेल्या त्या देशात तिच्याकडे लक्ष द्यायला फारसे कोणी मोकळे नव्हते. शिवाय कित्येक भागांत वीज गेलेली होती. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. मालिकेचे नाव ‘डॉक्टर हू’. अशा अपशकुनी मुहूर्तावर जन्मलेले हे पोर पुढे १९८९ पर्यंत सलग चालले आणि २००५ साली पुन्हा उभे राहिले.

योगायोगांचा आम्हांस विशेष सोस नाही. तरीही दोन येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. केनेडी गेले त्याच दिवशी, म्हणजे २२ नोव्हेंबरला, सी. एस. लुईस हे लेखकही निवर्तले. कपाटाच्या दारातून मुलांना दुसऱ्या जगात नेणारे ते हेच. त्यांच्या ‘द लास्ट बॅटल’ या १९५६ सालच्या पुस्तकात एक गोठा आहे, तो बाहेरून इवला आणि आतून अफाट. दुसऱ्याच दिवशी पडद्यावर जी निळी पेटी अवतरली, तिचीही हीच तऱ्हा होती. दुसरा योगायोग रोममधला. व्हॅटिकन परिषदेचे दुसरे सत्र तेव्हा चालू होते आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे या मालिकेनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, परिषदेने सामाजिक संपर्क माध्यमांविषयीचा आपला आदेश संमत केला. चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी यांचा ख्रिस्तसभेने गांभीर्याने विचार करावा, असे सांगणारा तो दस्तऐवज.

आम्ही ही मालिका बालपणी पाहिली, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. पण ते खरे नव्हे. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या आळीत पहिला संच आला तो त्याच्याही पुष्कळ नंतर, आणि त्यावर आम्ही शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम व रविवारचा चित्रपट पाहिला. ‘डॉक्टर हू’ आमच्या घरी आली ती गेल्या पावसाळ्यात. लंडनला असलेल्या भाच्याने जुन्या भागांच्या तबकड्यांचा संच पाठवला. आमचा नातू दहा वर्षांचा. पावसात अंगणात जायची सोय नाही, म्हणून तो आणि आम्ही उभयता रोज संध्याकाळी रोझरी झाल्यावर एकेक भाग पाहू लागलो. पहिल्या दोन दिवसांत नातवाने “आजोबा, यात रंग कधी येणार?” असे चारदा विचारले. तिसऱ्या दिवसापासून विचारणे थांबले.

ही मालिका इंग्लंडची आणि इतकी इंग्रजी वळणाची की, ती घडवणारी माणसे कोण होती हे वाचल्यावर आम्ही थक्क झालो. कल्पना ज्यांच्या पुढाकाराने आकारास आली ते सिडनी न्यूमन कॅनडाचे. रशियातून टोरांटोत येऊन स्थायिक झालेल्या ज्यू आईबापांचे ते चिरंजीव. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख म्हणून नुकतेच दाखल झालेले. त्यांनी निर्मितीची जबाबदारी दिली व्हेरिटी लॅम्बर्ट या सत्तावीस वर्षांच्या ज्यू तरुणीला. त्या वेळी बीबीसीच्या नाट्यविभागात ती सर्वांत तरुण आणि एकमेव महिला निर्माती होती. पहिली कथा लिहिणारे अँथनी कोबर्न ऑस्ट्रेलियाचे. शीर्षकसंगीताची चाल बांधणारे रॉन ग्रेनर, तेही ऑस्ट्रेलियाचेच. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक? ते तर आपल्या लखनौचे!

वारिस हुसेन यांचा जन्म ९ डिसेंबर १९३८ रोजी लखनौला झाला. आई अतिया हुसेन, म्हणजे ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही १९६१ सालची कादंबरी लिहिणाऱ्या विदुषी. अवधच्या तालुकदार घराण्यात वाढलेली ती बाई फाळणीच्या वेळी इंग्लंडमध्ये होती आणि देशाचे तुकडे झालेले न सोसून तेथेच राहिली. मुलगा केंब्रिजला शिकला आणि बीबीसीत लागला. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग त्याने दिग्दर्शित केला तेव्हा त्याचे वय होते चोवीस. त्या काळच्या बीबीसीच्या जुन्याजाणत्या मंडळींच्या कचेरीत एक हिंदी मुलगा आणि एक ज्यू मुलगी एवढा मोठा कारभार हाती घेऊन बसलेली पाहून भुवया उंचावल्या नसतील तरच नवल. ‘डॉक्टर’ची भूमिका करण्यासाठी या दोघांनी विल्यम हार्टनेल या पंचावन्न वर्षांच्या नटाला गळ घातली. हार्टनेल आयुष्यभर करड्या आवाजाचे सार्जंट आणि गुंड रंगवून कंटाळलेले होते. मुलांच्या मालिकेत काम करण्याची कल्पना त्यांना प्रथम रुचली नाही. पण दोघांनी त्यांना जेवायला नेले आणि मन वळवले. हार्टनेल यांचे पितृछत्र असे कधी नव्हतेच. पिता कोण हेही त्यांना ठाऊक नव्हते. अशा माणसाला उतारवयात इंग्लंडभरच्या मुलांनी आजोबा मानले.

साधने म्हणाल तर तुटपुंजी. दर भागाला सुमारे २,३०० पौंडांचा खर्च मंजूर होता. लाइम ग्रोव्ह येथील जुनाट ‘डी’ स्टुडिओ मिळाला. तो इतका कोंदट की, दिव्यांच्या उष्णतेने छतावरच्या आग विझवण्याच्या तोट्या आपोआप सुटत आणि सगळे भिजून निघत. चित्रफीत कापून जोडणे खर्चिक, म्हणून नाटकासारखे एका दमात चित्रण करायचे; नट अडखळला तरी पुढे जायचे. हार्टनेल पुष्कळदा अडखळतात. नातवाला ते फार आवडले. पहिला भाग २७ सप्टेंबर १९६३ रोजी चित्रित झाला तो न्यूमन यांना पसंत पडला नाही. टार्डिसचे दार नीट मिटत नव्हते आणि डॉक्टर फारच उर्मट वाटत होता. इतर कोणी वरिष्ठ असते तर मालिकाच गुंडाळली असती. न्यूमन यांनी पुन्हा करा म्हणून सांगितले आणि १८ ऑक्टोबरला तोच भाग नव्याने चित्रित झाला. नापसंत ठरलेली ती पहिली आवृत्ती सुदैवाने टिकली. आम्ही दोन्ही लागोपाठ पाहिल्या. न्यूमन यांचे म्हणणे बरोबर होते.

शीर्षकसंगीताविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. रॉन ग्रेनर यांनी कागदावर चाल लिहून दिली. ती ऐकू येईल अशी केली डेलिया डर्बिशायर हिने. बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेत ती काम करी. गणित आणि संगीत असा दुहेरी अभ्यास तिने केंब्रिजला केला होता. आज संगणकावर मिनिटभरात होणारे काम तिने असे केले: विजेवर चालणाऱ्या कंपनयंत्रांतून आणि एका छेडलेल्या तारेतून एकेक स्वर स्वतंत्र ध्वनिमुद्रित करायचा, त्याचा वेग कमी-अधिक करून त्याला हव्या त्या पट्टीत आणायचे, मग फितीचे तुकडे इंचपट्टीने मोजून पात्याने कापायचे आणि चिकटवत जायचे. संपूर्ण रचनेत एकही वादक नाही. ऐकताक्षणी ग्रेनर यांना ती आपलीच चाल आहे हे पटेना. श्रेयनामावलीत तिचे नाव घालावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु बीबीसीचे नियम आड आले. पडद्यावर तिचे नाव उमटले ते थेट २०१३ साली, सुवर्णमहोत्सवी भागात. ती २००१ मध्येच वारली होती. डेलिया मूळची कॉव्हेन्ट्रीची. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढले आणि तेथील कॅथीड्रलच्या केवळ भिंती उरल्या. बालपणी ऐकलेल्या हवाई हल्ल्याच्या भोंग्यांतून आपल्याला अमूर्त ध्वनींची ओढ लागली, असे ती पुढे सांगत असे. हे वाचल्यावर आम्ही ते संगीत पुन्हा लावले. भोंगा ऐकू आला.

टार्डिस म्हणजे डॉक्टरची ती काळयात्रेची पेटी. ती उडताना जो घरघरणारा, गलबलवणारा आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी आपल्या आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवरून ओढून काढला. पेटी दिसायची पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखी. त्या काळी लंडनच्या नाक्यानाक्यावर अशी खोकी असत. आत दूरध्वनी, शिपायाने ठाण्याशी बोलावे, नागरिकाने मदत मागावी. इतकी नित्याची वस्तू की, तिच्याकडे कोणी वळून पाहू नये. पुढे शिपायांच्या हाती वायरलेस यंत्रे आली आणि खोकी रस्त्यांवरून नाहीशी झाली. आज इंग्लंडमधील मुलाला ते खोके दाखवले तर तो त्याला पोलिसांचे म्हणत नाही, डॉक्टरचे म्हणतो.

पहिला भाग आम्हांस अप्रतिम वाटला. कोल हिल नावाच्या शाळेतील दोन शिक्षक, इतिहासाच्या बार्बरा राइट आणि विज्ञानाचे इयन चेस्टरटन, आपल्या सूझन नावाच्या विद्यार्थिनीमुळे बुचकळ्यात पडले आहेत. मुलगी विलक्षण हुशार. पण साध्यासाध्या गोष्टींत चुकते. फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक चाळताचाळता त्यात चूक आहे म्हणते. पौंडाला शिलिंग किती, हे तिला सांगता येत नाही, कारण आपला देश दशमान चलन वापरतो असा तिचा समज. वर्ग हसतो. ब्रिटनमध्ये दशमान चलन आले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, म्हणजे सूझनची चूक एवढीच की ती सात वर्षे लवकर बोलली. येथे आम्ही नातवाजवळ जरा फुशारकी मारून घेतली: आपल्याकडे नवे पैसे १ एप्रिल १९५७ लाच आले होते. आण्यांचा हिशोब नव्या पैशांत करताना आमच्या आजीची जी त्रेधा उडे, ती आम्ही सांगितली आणि भाग दहा मिनिटे थांबला. दोघे शिक्षक मुलीचा पाठलाग करीत एका भंगाराच्या आवारात येतात, तेथे निळे खोके गुणगुणत उभे असते आणि एक चिडखोर म्हातारा त्यांच्या आड येतो. तोच सूझनचा आजोबा, डॉक्टर. पुढचे सांगत नाही.

त्यानंतरचे तीन भाग अश्मयुगातल्या टोळ्यांचे, अग्नीसाठी भांडणाऱ्या. ते आम्हांस कंटाळवाणे झाले. दुसरी कथा डॅलेकांची. न्यूमन यांनी डोळे वटारलेले राक्षस या मालिकेत नकोत, असे निक्षून सांगितले होते. इतिहास आणि विज्ञान शिकवणारी ही मालिका. डिसेंबर १९६३ मध्ये पडद्यावर आले ते नेमके राक्षस: धातूच्या कवचात बसलेले, आपल्यासारखा नाही तो प्रत्येक जीव मारण्यास निघालेले, कर्कश एकसुरी आवाजाचे. लेखक टेरी नेशन यांचे बालपण युद्धात गेले होते. नाझी त्यांच्या डोळ्यांसमोर होते, हे उघड आहे. न्यूमन संतापले; पण प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या वर गेली आणि राग निवळला. डॅलेकांचे रूप रेमंड क्युसिक या बीबीसीच्या पगारी कलावंताने आखले. खेळण्यांच्या विक्रीतून नेशन श्रीमंत झाले, क्युसिक यांना बक्षीस म्हणून किरकोळ रक्कम मिळाली. हा प्रकार आपल्याकडे होत नाही असे कोणी समजू नये.

परंतु आमच्या मनात घर केले ते राक्षसांच्या कथांनी नव्हे, इतिहासकथांनी. १९६४ च्या मे-जूनमध्ये प्रक्षेपित झालेली ‘द अ‍ॅझ्टेक्स’ ही चार भागांची कथा जॉन लुकारोटी यांची. टार्डिस मेक्सिकोतील एका समाधीत उतरते. बार्बराबाई तेथील कंकण हातात घालतात आणि लोक त्यांना मृत धर्मगुरूचा दैवी अवतार समजून पूजू लागतात. बाई इतिहासाच्या शिक्षिका. स्पेनचा कोर्तेझ येणार आणि ही संस्कृती धुळीस मिळणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मनात येते: ही नरबळीची प्रथा आपण आताच बंद पाडली, तर पुढे येणाऱ्या स्पॅनिश लोकांना हा समाज निव्वळ क्रूर दिसणार नाही, जे चांगले आहे ते वाचेल. डॉक्टर जीव तोडून सांगतो की, घडलेला इतिहास बदलता येत नाही. बाई ऐकत नाहीत. देवी म्हणून आज्ञा देतात. ज्याचा बळी जायचा तो स्वतःला अपमानित झालेला समजून देवळाच्या माथ्यावरून उडी घेतो! शेवटी प्रथा चालूच राहते. फक्त एक वृद्ध पुजारी, ऑटलॉक, त्याचा त्या प्रथेवरचा विश्वास उडतो आणि तो सत्य शोधण्यासाठी एकटाच रानात निघून जातो. बार्बरा रडते. डॉक्टर तिला सांगतो की, संस्कृती वाचवता आली नाही, एक माणूस मात्र वाचला.

वसईच्या माणसाला ही कथा निवांतपणे पाहता येत नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, आणि आमचे पूर्वज ज्या घडामोडींतून ख्रिस्ती झाले, त्यांत श्रद्धा होती, धाक होता, लोभ होता आणि साधुत्वही होते. हे सारे एका ताटात कसे वाढायचे, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखनाला अजून पुरता सुटलेला नाही. मुलांच्या मालिकेने तो १९६४ साली, कागदी दगडांच्या देवळासमोर, कोणालाही साधू किंवा सैतान न करता मांडला. कोर्तेझचा निकालही तेथे लावलेला नाही. नातवाने विचारले, “मग बाईंनी प्रयत्नच करायला नको होता का?” आम्ही उत्तर दिले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी दिले: “करायलाच हवा होता.”

या कथेआधी, फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मध्ये, सात भागांची ‘मार्को पोलो’ आली. लेखक तेच लुकारोटी. सातांपैकी सहा भागांचे दिग्दर्शक वारिस हुसेन. साल १२८९. पामीरच्या बर्फात टार्डिस बिघडते आणि मार्को पोलोचा तांडा या प्रवाशांना आश्रय देतो. मार्कोला व्हेनिसला परतायचे आहे. ही अद्भुत पेटी कुब्लाई खानाला नजर केली तर तो आपल्याला रजा देईल, या आशेने तो ती ताब्यात घेतो. तांडा पामीर उतरतो, गोबीचे वाळवंट ओलांडतो, पेकिंगला पोहोचतो. वाटेत उंचावर पाणी कमी उष्णतेला का उकळते, वाळवंटात रात्री पेटीच्या आतल्या भिंतींवर दव कसे जमते, असे धडे येतात. ते धडे वाटत नाहीत, कारण त्या दवावर सर्वांचे प्राण अवलंबून असतात. तांड्यात पिंग-चो नावाची समरकंदची सोळा वर्षांची मुलगी आहे. तिचे लग्न पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याशी ठरले आहे. आणि कुब्लाई खान? जगाचा धनी म्हणून सारे ज्याच्या नावाने कापतात, तो प्रत्यक्षात संधिवाताने विव्हळणारा म्हातारा निघतो. डॉक्टरचीही पाठ धरलेली. दोघे म्हातारे कण्हतकुंथत सोंगट्यांचा डाव मांडून बसतात. डॉक्टर हत्ती जिंकतो, हजारो पांढरे घोडे जिंकतो, वाघ जिंकतो. आणि शेवटी पेटी परत मिळवण्यासाठी हे सारे पणाला लावून हरतो. एक उणीव सांगितली पाहिजे. चिनी आणि मंगोल माणसे बहुतेक गोऱ्या नटांनी रंग फासून केली आहेत. तो त्या काळचा रिवाज होता; आज डोळ्यांना खुपतो, आणि दिग्दर्शक स्वतः आशियाचा असल्याने अधिकच खुपतो.

खऱ्या मार्को पोलोच्या ग्रंथात पश्चिम हिंदुस्थानातील ‘ताना’ राज्याचे वर्णन आहे. हे ताना म्हणजे आपले ठाणे. तेथील कमावलेली कातडी, सुती कापड, धूप आणि समुद्रावरचे चाचे यांची तो नोंद करतो. कुब्लाईने पोपमहाशयांकडे शंभर विद्वान धर्मोपदेशक मागितले होते. निघाले दोन डॉमिनिकन आणि तेही वाटेतून परतले, ही कथाही त्याच ग्रंथातली. पुढे १३२१ साली चीनकडे निघालेले तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती ठाण्यात हुतात्मे झाले. फ्रायर जॉर्डानस यांनी त्यांची प्रेते सोपाऱ्यास पुरली आणि काही वर्षांनी ओडोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. मार्कोच्या तांड्याची वाट आमच्या अंगणापासून फार दूर नव्हती. म्हणूनच या सात भागांची आम्ही नातवाइतकीच आतुरतेने वाट पाहत होतो.

आणि ते सातही भाग तबकड्यांच्या संचात नव्हते. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, ते आता जगात कुठेच नाहीत. बीबीसीने पुसून टाकले.”

आम्हांस हे प्रथम खरेच वाटेना. नंतर वाचले तेव्हा उलगडा झाला. साठच्या दशकात चित्रफीत दोन इंच रुंद आणि अतिशय महाग असे. एकदा कार्यक्रम झाला की, ती पुसून दुसऱ्या कामाला घेत. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वाटेल तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसत. १९६९ च्या अखेरीस रंगीत प्रक्षेपण स्थिरावल्यावर कृष्णधवल मालाला गिऱ्हाईकच राहिले नाही. परदेशांना विकण्यासाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या. कराराची मुदत सरली की त्याही नष्ट करीत. चित्रफिती सांभाळणाऱ्या खात्याला वाटे फिल्म त्या खात्याकडे आहेत. फिल्मवाल्यांना वाटे मूळ फिती यांच्याकडे आहेत. कार्यक्रमांचा संग्रह निवडून जपण्यासाठी म्हणून अधिकारी नेमला गेला तो १९७८ साली. तोवर पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी शंभराहून अधिक गेले होते. यात कोणाचा द्वेष नव्हता, दुष्टावा नव्हता. जागा हवी होती, फीत हवी होती, आणि मुलांची मालिका कोण पुन्हा पाहणार?

येथे आम्हांस एक कबुलीजबाब द्यावा लागेल. १९७९ साली आमचे काका बहरीनहून आले, त्यांनी टू-इन-वन आणला. मोठ्या बहिणीच्या लग्नात आजीने म्हटलेली हळदीची, मांडवाची गाणी त्यांनी कॅसेटवर घेतली. तासभर गाणी, मधूनच आजीचा खोकला, मांडवातली भांडी, आणि “आता पुरे रे, घसा बसला” असे तिचे म्हणणे. १९८१ ला आजी गेली. १९८३ च्या जूनमध्ये क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आम्हांला समालोचन टेप करायचे होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. कॅसेटच्या पाठीमागच्या दोन खुंट्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. कोणी मोडल्या नव्हत्या. त्यांतली अर्धीअधिक गाणी आज कोणाला येत नाहीत. सामन्याचे समालोचन मात्र कोठेही मिळते. तेव्हा बीबीसीला बोल लावण्याचा अधिकार आमच्याकडे फारसा उरत नाही.

हरवलेले भाग पुढे ज्या ज्या ठिकाणी सापडले, ती ठिकाणे ऐकून नातवाने टाळ्या पिटल्या. १९८३ साली ‘द डॅलेक्स मास्टर प्लॅन’ या कथेचे दोन भाग लंडनमधील एका मॉर्मन प्रार्थनामंदिराच्या तळघरात सापडले. ते तेथे कसे पोहोचले कोण जाणे. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही अख्खी कथा १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगहून परत आली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की, फिलिप मॉरिस नावाच्या शोधकाला नायजेरियातील जोस शहरच्या एका प्रक्षेपण केंद्रात धूळ खात पडलेले नऊ हरवलेले भाग मिळाले. त्या शोधानंतर ९७ भाग बेपत्ता उरले. सर्वांत मासलेवाईक हकीगत ऑस्ट्रेलियाची. तेथील अभ्यवेक्षण मंडळाने मुले घाबरतील म्हणून अनेक भागांतील दृश्ये कापली होती. कापलेले तुकडे सरकारी शिस्तीने फायलीला लावून ठेवले होते. १९९६ साली ते उजेडात आले. भाग गेले, मुलांना दाखवण्यास अयोग्य ठरलेले तुकडे तेवढे टिकले!

शिवाय साध्या घरांनी राखले ते वेगळेच. मालिका लागली की कित्येक मुले दूरचित्रवाणीसंचासमोर ध्वनिमुद्रक धरून बसत आणि घरच्यांना गप्प राहायला सांगत. त्यांच्या त्या फितींमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. चित्र गेले, आवाज राहिला. आणि लंडनमध्ये जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार होते. कार्यक्रम चालू असताना पडद्याची छायाचित्रे टिपायची आणि ती नटांना, दिग्दर्शकांना विकायची, हा त्यांचा व्यवसाय. स्वतःचे काम पाहण्याचा दुसरा मार्गच नसलेल्या त्या काळात मंडळी ती विकत घेत. क्युरा १९६९ साली वारले. ‘मार्को पोलो’ची त्यांची छायाचित्रे गेलीच, असे पुष्कळ वर्षे समजले जात होते. ती निघाली वारिस हुसेन यांच्या घरी. १९६४ साली विकत घेतलेली ती छायाचित्रे त्यांनी चाळीस वर्षांच्या आसपास जपून ठेवली होती. या अवधीत त्यांनी ‘अ पॅसेज टू इंडिया’चे दूरचित्रवाणी रूपांतर केले, मोठमोठ्या मालिका केल्या, १९९७ साली मुंबईतील एका पारशी घरावर ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट केला. पोरवयात केलेल्या मुलांच्या मालिकेची चिमुकली कृष्णधवल छायाचित्रे त्यांनी टाकून दिली नाहीत.

भाच्याने सातही भागांचा आवाज आणि ती छायाचित्रे पाठवली. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आम्ही ‘मार्को पोलो’ लावली. पडद्यावर एक चित्र स्थिर. मागे वारा, घंटा, उंटांचे चालणे, माणसांचे बोलणे. चित्र बदलते, पुन्हा स्थिर. नातू प्रथम चुळबुळला, मग उशी घेऊन आमच्याजवळ सरकला. तीन भाग असे झाले.

चौथ्या भागाचे दिग्दर्शन हुसेन यांच्याकडे नव्हते; जॉन क्रॉकेट यांच्याकडे होते. त्यामुळे त्या भागाची छायाचित्रे हुसेन यांच्या संग्रहात नाहीत. आम्ही आवाज चालू ठेवला आणि संच बंद केला. बाहेर पाऊस लागलेला. सौभाग्यवतींनी दिवाही मालवला. अंधारात तांडा वाळवंटातून चालत राहिला, पिंग-चो काहीतरी बोलली, आणि नातू हळूच म्हणाला, “आजोबा, आता मला सगळं दिसतंय.”